जिभेला न कळणारे पाणी

(वडखळ येथे विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



कापूस-ज्वारीच्या रानातून तुम्ही या खारेपाटात आलात. इथे उधाणाने बांधाला खांड पडली की धरमतरच्या खाडीचे पाणी भातशेतीत शिरते. ते खारे आहे हे कुणी सांगावे लागत नाही, जीभ सांगते. तुमचे दुखणे वेगळे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या कित्येक बोअरचे पाणी दिसायला नितळ, आणि त्यात फ्लोराइड. पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात, मोठ्यांचे सांधे आखडतात, तेव्हा कुठे कळते. तोवर वर्षे गेलेली असतात.

ओळखायची युक्ती साधी आहे. झिर्कोनियम नावाचा धातू एका रंगाला धरून बसतो, म्हणून तपासणीचे औषध गुलाबी दिसते. पाण्यात फ्लोराइड असले की झिर्कोनियम रंगाला सोडून त्याला चिकटतो. गुलाबी उतरतो, पिवळा येतो. तो तक्त्यावरच्या रंगाशी ताडून पाहायचा. लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर गेले तर ते पाणी पिण्याचे नाही. आणि उकळून काही होत नाही, हे घरी जाऊन सांगा. पाणी आटते, फ्लोराइड तेवढेच राहते!

नायट्रेटच्या तपासणीत उलट गुलाबी रंग चढतो. मर्यादा ४५ मिलिग्रॅमची. विहिरीशेजारचा उकिरडा आणि आपण टाकलेला युरिया, दोन्ही पावसाबरोबर खाली झिरपतात. इथे दोष सगळा सरकारवर ढकलता येणार नाही. तान्ह्या बाळाची दुधाची पावडर त्या पाण्यात कालवू नका.

मात्र रंग बदलला नाही म्हणजे पाणी निर्मळ, असे समजू नका. जे औषध टाकाल तेवढ्याच प्रश्नाचे उत्तर मिळते. फ्लोराइडच्या औषधाला फवारणीचे विष दिसत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच न्यावा लागतो.

२०१९ मध्ये जलजीवन मिशन सुरू झाले, त्यात गावोगावच्या पाच-पाच बायांना ही पेटी वापरायला शिकवायचे ठरले. एका गावी मी पेटी पाहिली. कपाटात, सील न फोडलेली, औषधाची मुदत संपलेली. तुमच्या गावची पेटी कुठे आहे, हे ग्रामसभेत विचारा. औषधाची तारीख बघा. तक्ता उन्हात विटला असेल तर नवा मागा. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा प्रत्येक बोअर तपासा. बोअर कुणाच्या शेतातली, कोणती तारीख, कोणता रंग, हे वहीत लिहा आणि पिवळा आला त्या बोअरची बाटली भरून प्रयोगशाळेत द्या. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.