दात राखणारे सिमेंट



कापड व्यापाऱ्याने दातांविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु फाटलेले वस्त्र टाकावे की रफू करावे, हा प्रश्न माझ्या नित्य परिचयाचा आहे आणि किडलेल्या दाताचा प्रश्नही तोच आहे.

आपल्या आष्टी परिसरात दाढ दुखू लागली की ‘काढून टाका’ हा उद्गार अजूनही सहज निघतो. त्यामागे अज्ञानापेक्षा हिशेब अधिक असतो. परतूर वा जालन्याच्या खेपा, बुडणारी मजुरी आणि वर उपचाराचा खर्च! मुलांच्या बाबतीत तर ‘दुधाचे दात, पडणारच’ म्हणून दुर्लक्ष होते. वस्तुतः वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे उगवणारी दाढ कायमची असते. ती गेली की पुन्हा येत नाही.

अशी दाढ वेळीच वाचविण्याचे एक सुलभ साधन म्हणजे ग्लास आयोनोमर सिमेंट. लंडनच्या शासकीय रसायन प्रयोगशाळेत ॲलन विल्सन व ब्रायन केंट यांनी ते विकसित केले आणि १९७२ साली दंतवैद्यांपुढे मांडले. फ्लोराइडयुक्त विशेष काचेची भुकटी आणि पॉलिॲक्रिलिक आम्लाचे द्रावण एकत्र घोटले की काही मिनिटांत हे मिश्रण घट्ट होते. दातातील कॅल्शियमशी त्याचा रासायनिक बंध जुळतो. म्हणून ते अडकवून ठेवण्यासाठी निरोगी दात फारसा कोरावा लागत नाही. त्यातून फ्लोराइडही हळूहळू पाझरत राहते.

ठिगळाचे कापड मूळ वस्त्रापेक्षा निराळे आटले, तर पहिल्याच धुण्यात चुण्या पडतात. हे सिमेंट उष्ण-थंड पदार्थांनी जवळपास दाताइतकेच प्रसरण-आकुंचन पावते. ठिगळ वस्त्राशी एकजीव राहावे, तसेच हे!

त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. चावण्याचा मोठा भार पडतो तेथे ते झिजते वा तुटते. मोठ्या खड्ड्यांसाठी कॉम्पोझिटसारखे अधिक बळकट साहित्य लागते. भरताना लाळेचा ओलावा लागू द्यायचा नसतो. कीड नसेपर्यंत पोहोचली असेल, तर केवळ वरून सिमेंट भरून भागत नाही.

तथापि ग्रामीण भागासाठी त्याचे मोल निराळे आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यास आफ्रिकेतील टांझानियात एक पद्धत विकसित झाली. तीत यंत्राविना, केवळ हातातील अवजारांनी मऊ झालेली कीड खरवडून काढतात आणि ग्लास आयोनोमर भरतात. वीज लागत नाही. बहुधा इंजेक्शनही लागत नाही. शाळेच्या वर्गखोलीत बाकावर निजवूनही प्रशिक्षित व्यक्ती हे काम करू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली या पद्धतीचा पुरस्कार केला आणि २०२१ साली ग्लास आयोनोमरला अत्यावश्यक औषधांच्या आदर्श यादीत स्थान दिले. पाऱ्याचा वापर आवरण्यासाठी २०१३ साली मिनामाता करार झाला. २०१८ साली भारताने त्यास मान्यता दिली. ‘चांदी’ म्हणून आपण जे भरून घेत आलो, त्यात पारा असतो. त्यामुळे बिनपाऱ्याच्या या सिमेंटाचे महत्त्व आणखी वाढले आहे.

बंधु-भगिनींनो, माझी विनंती दोनच गोष्टींची आहे. आपले मूल सहा वर्षांचे झाले की उजेडात त्याच्या मागच्या दाढा पाहा. काळा डाग वा खड्डा दिसल्यास दुखण्याची वाट न पाहता दंतवैद्यांकडे न्या. आणि जेव्हा जेव्हा दंतशिबिर भरवाल, तेव्हा ‘किती दात काढले’ याबरोबर ‘किती दात राखले’ हा आकडाही अहवालात मांडा. जमेच्या बाजूस तोच शोभतो. हिशेबाच्या वह्यांत आयुष्य गेलेल्या माणसाचा हा आग्रह आपण मानून घ्याल, अशी आशा बाळगतो आणि माझे दोन शब्द संपवितो.