वारशात आलेलं पाप, वारशात आलेलं शेत



मागच्या भागानंतर आपल्याच पट्ट्यातल्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. “भाऊ, माह्या पणज्यानं कोणाले राबवलं असंन, त त्याचं पाप माह्यावर कायले? म्या त कोणाचं काही केलं नाही.” प्रश्न रागातला नव्हता. खरंच विचारत होता. म्हणून आजचा पूर्ण भाग यावरच. रेकॉर्डिंग रिठदहून, घरातूनच करतोय. मध्येच ट्रॅक्टरचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

आधी एका बिशपची गोष्ट सांगतो. १८४४ साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिकेतल्या मेथडिस्ट मंडळीची मोठी परिषद भरली. वाद होता जेम्स अँड्र्यू नावाच्या बिशपवरून. हे दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यातले, आणि त्यांच्या घरी गुलाम होते. त्यांचं म्हणणं काय, तर मी आयुष्यात एकही माणूस विकत घेतला नाही की विकला नाही. काही वारशाने आले, काही लग्नामुळे. सोडायचं म्हटलं तर जॉर्जियाचा कायदा आडवा येतो.

बघा, दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीचा माणूस, पण वाक्य आपल्या श्रोत्याचंच आहे. मी केलं नाही, माझ्याकडे आलं.

परिषदेने ठरवलं, की हा अडसर आहे तोवर त्यांनी बिशपचं काम थांबवावं. दक्षिणेकडच्या मंडळ्यांना ते पटलं नाही आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. परत एकत्र यायला १९३९ उजाडलं. आणि ही कोणती मंडळी? जिचे मूळपुरुष जॉन वेस्ली यांनी १७७४ मध्येच गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली होती. १७९१ मध्ये मरणाच्या आठवडाभर आधी त्यांनी विल्बरफोर्सना पत्र लिहून या लढ्यात मागे हटू नका असं कळवलं होतं. संस्थापक एवढं बोलून गेला, तरी दोन पिढ्यांत बिशपच्या घरात गुलाम.

आता रिठदला बसून जॉर्जियाचं काय घेऊन बसलास, असं म्हणाल. तर वाशिमचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल आठवा. डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन डॉक्टर बाईंनी १९३० च्या दशकात ते उभं केलं, नाझरीन मंडळीकडून. नाझरीन मंडळी वेस्लींच्याच शिकवणीतली. अमेरिकेतल्या उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या मंडळ्या १९०८ मध्ये टेक्सासमध्ये एकत्र आल्या, त्यातून ती घडली. म्हणजे आपल्याकडे सुवार्ता आणि सलाईन ज्या देशातून आली, त्या देशाचं हे जुनं दुखणं आपल्याला परकं नाही.

आणि महाराष्ट्राने ते फार आधी ओळखलं होतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ छापली, ती अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. कशासाठी? त्यांनी काळ्या लोकांना दास्यातून मोकळं केलं म्हणून. तिकडचं दास्य आणि इकडची जात यांना फुल्यांनी एका ओळीत उभं केलं. पुढे १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली, तिचं नावही तिकडच्या ब्लॅक पँथरवरून.

आता मूळ पाप. आपल्या मंडळीत हा शब्द इतका ऐकलाय की त्याचा अर्थ घासून गेलाय. बऱ्याच जणांना वाटतं, आदामाने फळ खाल्लं आणि शिक्षा मला. तसं असतं तर श्रोत्याचा राग बरोबरच होता. पण यहेज्केलाचा अठरावा अध्याय काढून वाचा. बापाच्या दोषाचं ओझं मुलावर टाकू नका, असं तिथे अगदी स्वच्छ आहे. मग पौल रोमकरांस लिहिताना पाचव्या अध्यायात आदामामुळे पाप सगळ्यांत आलं म्हणतो, ते काय? माझ्या समजुतीप्रमाणे, तो एका बिघाडाबद्दल बोलतोय ज्यात आपण जन्मतो. आमच्या कामात हे रोज दिसतं. नवीन कंपनीत रुजू व्हा, दहा वर्षं जुना कोड हातात येतो. त्यातला बग तुम्ही लिहिलेला नसतो. पण रात्री दोनला सर्व्हर पडला की फोन तुम्हालाच येतो, आणि पगारही त्याच कोडवर चालतो. (उदाहरण इथेच थांबवतो. माणसं म्हणजे सॉफ्टवेअर नाही.)

आपल्याकडे वारसा म्हणजे काय, हे बघायला अमेरिकेला जायची गरज नाही. सालगडी बघा. पाडव्याला साल ठरतं, उचल घेतली जाते, वर्षभर राबायचं. पूर्वी उचल फिटायची नाही, ती पुढच्या सालात जायची, आणि बाप गेला की पोराच्या अंगावर. कर्ज वारशाने येत होतं. त्याबद्दल ‘मी तर घेतलं नाही’ असं म्हणायची सोय पोराला नव्हती. दुसऱ्या बाजूला त्याच घामावर वाढलेलं शेत मालकाच्या पोराच्या सातबारावर चढत होतं. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली, असली कर्जं रद्द झाली. सातबारा मात्र होता तसाच राहिला. अमेरिकेतही हेच. १८६५ च्या सुरुवातीला मोकळ्या झालेल्या काही कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत जमीन द्यायचा हुकूम निघाला, आणि पुढे बहुतेक जमीन जुन्या मालकांकडे परत गेली.

मी स्वतः सालदाराच्या नातवंडांपैकी. म्हणून पुढचं जरा जपून बोलतो.

बाबासाहेब आंबेडकरांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांवर लिहिताना एक बोचरा मुद्दा मांडलाय. मिशनरी या लोकांना शिकवतात की तुमच्या पतनाचं कारण तुमचं पाप. मग तो माणूस ज्या समाजरचनेने त्याला खाली दाबलं तिच्याशी कशाला भांडेल? तो क्षमा मागत बसेल. मला हा मुद्दा खोडता आलेला नाही. पण बाबासाहेब ज्या शिकवणीबद्दल बोलत होते तिच्यातली खोट मला ऐकणाऱ्यांच्या निवडीत दिसते. मूळ पाप सगळ्यांचं असेल, तर ते प्रवचन वाड्यावर आधी व्हायला हवं होतं. झालं वस्तीवर. ज्याच्याकडून काढून घेतलं, त्यालाच पश्चात्ताप शिकवला.

बायबलमध्ये ते उलट दिशेने आहे. नहेम्याचं पुस्तक घ्या. पहिल्याच अध्यायात तो प्रार्थनेत म्हणतो, की मी आणि माझ्या वडिलांच्या घराण्याने पाप केलं. स्वतःला वगळत नाही. आणि पाचव्या अध्यायात लोक ओरडत येतात. शेतं गहाण पडलीत, पोरंपोरी दास्यात गेल्यात, आणि सावकार आपलेच भाऊबंद. नहेम्या संतापतो, सभा बोलावतो, आणि कबूल करतो की मी आणि माझी माणसंही कर्ज देत आलोय. मग काय करतो? आजच्या आज शेतं, द्राक्षमळे, घरं आणि घेतलेलं व्याज परत करा, म्हणतो. याजकांना बोलावून शपथ घ्यायला लावतो. म्हणजे पहिल्या अध्यायातल्या कबुलीला पाचव्या अध्यायात हिशेब जोडलेला आहे. आपण पहिला अध्याय उपासनेत वाचतो, पाचवा क्वचित.

दंग्यांकडेही मी इथूनच बघतो. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. तेव्हाचा परभणी जिल्हा, आताची हिंगोली, म्हणजे आपल्या शेजारचाच मुलूख. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. एका नावासाठी साडेपंधरा वर्षं. २०२० मध्ये मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडला पोलिसाने गुडघ्याखाली मारलं, तेव्हा उलट बाजूचे लोक रस्त्यावर आले, काही ठिकाणी दुकानं जळली. दोन्ही एकाच तागडीत घालू नका. एक वर्चस्व टिकवायला लावलेली आग, दुसरा दाबलेल्यांचा आक्रोश. पण ज्याचं दुकान जळलं त्याचा त्यात दोष नव्हता, हेही मी म्हणणार. आणि दंगा झाल्यावर शांतीची प्रार्थना ठेवणाऱ्या मंडळीने नहेम्यासारखं आधी ओरड ऐकून घ्यावी, हेही.

तर श्रोत्या भावा, तुझ्या पणज्याचा गुन्हा तुझ्यावर नाही. त्याचं शेत तुझ्यावर आहे. पाडव्याला साल ठरवायला बसशील तेव्हा मजुरी किती, उचल किती, सुट्टी किती, आणि पोरगं शाळेत जातंय का, हे तूच ठरवणार आहेस. जक्कयाने येशूसमोर चौपट परत करायची तयारी दाखवली. तू निदान वही उघडून बघ.

पुढच्या भागात लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायातल्या पन्नासाव्या वर्षावर बोलू, जमिनी मूळ घराण्याकडे परत जायच्या त्याबद्दल. प्रश्न व्हॉइसवर पाठवा, वऱ्हाडीतच पाठवा.