पायरीपायरीने सिद्धता

झाशीच्या सिविल लाइन्समधील मराठी घरातला विद्यार्थी असो की सोलापूरचा, त्रिकोणमितीच्या पुस्तकात त्याला एक आज्ञा हटकून भेटते : ‘डावी बाजू उजवीबरोबर आहे, हे सिद्ध करा.’ उत्तर समोर छापलेले असताना आणखी करायचे ते काय, असे त्याला वाटले तर नवल नाही.

दोन कोनांच्या बेरजेची ज्या घ्यावी. पहिल्याची ज्या गुणिले दुसऱ्याची कोज्या, अधिक पहिल्याची कोज्या गुणिले दुसऱ्याची ज्या, असा तिचा नियम आहे. ३० व ६० अंश घातले, तर पाव आणि पाऊण मिळून एक होतो; ९० अंशांची ज्याही एकच. ताळा जुळला, पण साक्ष एकाच जोडीची झाली.

आता श्रोत्यांनी मनातल्या मनात एक त्रिकोण काढावा. शिरोबिंदूतून पायावर टाकलेल्या लंबाने शिरःकोनाचे दोन भाग होतात. तेच आपले दोन कोन. दोन बाजूंचा गुणाकार, त्याची निमपट, गुणिले मधल्या कोनाची ज्या, हे त्रिकोणाचे क्षेत्रफळ. मोठा त्रिकोण म्हणजे दोन लहानांची बेरीज. लहानांत लंब हीच एक बाजू. पण लंब म्हणजे कोणतीही तिरकी बाजू गुणिले तिच्याकडील कोनाची कोज्या. प्रत्येक लहान त्रिकोणात लंबाचे माप दुसऱ्या त्रिकोणावरून घालावे. सर्वत्र येणारा समान गुणक काढला की नियम उरतो.

भास्कराचार्यांनी हा नियम इ. स. ११५० मधील ‘सिद्धांतशिरोमणी’त दिला, तेथे उपपत्ती दिली नाही. पाचशे वर्षांनी काशीतील दोन महाराष्ट्रीय ज्योतिर्विदांनी ती मांडली. मुनीश्वराचे घराणे विदर्भातून गेलेले. कमलाकराचे गोदातीरच्या गोलग्रामाहून. कमलाकराचा ‘सिद्धांततत्त्वविवेक’ १६५८ चा. मुनीश्वर भास्कराचार्यांचा कैवारी, तर कमलाकर त्यांचा कठोर टीकाकार. दोन्ही घराण्यांत शास्त्रीय वाद चाले. या नियमापाशी मात्र दोघांचे एकमत झाले, कारण दोघांनीही तो कारणांनिशी पडताळला होता.

विद्यार्थ्याने एवढेच सांभाळावे. जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरून दोन्ही बाजूंत उलाढाल करू नये. एका बाजूने निघावे, प्रत्येक पायरीला कारण द्यावे, आणि दुसरी बाजू गाठावी. मग ती समानता पुस्तकाच्या भरवशावर राहत नाही.