ते पाकीट कपाटात ठेवू नका
(मंडळाच्या आरोग्य शिबिरात केलेले भाषण)



या विषयावर बोला असे कार्यकारिणीने सांगितले तेव्हा मी प्रथम नकार दिला. मी डॉक्टर नाही. नागपूरहून इंग्लंडला आलो आणि निवृत्त होईपर्यंत गोदामात नोकरी केली. शिवाय विषय असा, की चारचौघांत उच्चारताना जीभ अडखळते. "म्हणूनच तुम्ही बोलायला हवे, बाबा," असे माझ्या मुलीने सुनावले. तेव्हा स्पष्टच सांगतो, विषय आहे शौचाच्या तपासणीचा, म्हणजे मोठ्या आतड्याचा कर्करोग वेळेवर ओळखण्याचा.

इंग्लंडमध्ये ही योजना 2006 साली सुरू झाली. पूर्वी साठीनंतर बोलावणे येई. 2021 पासून वयाची अट टप्प्याटप्प्याने खाली आणून पन्नासवर आणली. आता 50 ते 74 या वयात, जी.पी.कडे नाव नोंदलेले असले की, दर दोन वर्षांनी घरी पत्र येते आणि त्यामागोमाग एक पाकीट येते. पैसा पडत नाही, दवाखान्यात जावे लागत नाही. तरीही आशियाई कुटुंबांकडून ही पाकिटे इतरांच्या मानाने फार कमी परत जातात, असे येथील अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. त्यात आपणही आलो.

माझ्याबरोबर एकाच विमानाने आलेला एक मित्र होता. नाव सांगत नाही, पण जुन्या मंडळींना कळेल. त्याला शौचावाटे रक्त जाई. मूळव्याध असेल म्हणून तो रात्री इसबगोल घेई व गप्प बसे. बायकोलाही बोलला नाही. शेवटी आतडे तुंबून रुग्णालयात न्यावे लागले, तोवर रोग यकृतापर्यंत पोचला होता. वर्षभरात गेला. पुण्यानुमोदनानंतर वहिनींनी कपाट आवरले, तर लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात तीन पाकिटे निघाली. तिन्ही न उघडलेली.

मी त्याला नावे ठेवीत नाही. माझेही पहिले पाकीट मी असेच ठेवून दिले होते. मला कसला त्रास होता? भूक चांगली, झोप चांगली. पण ही तपासणी ज्यांना काहीच त्रास नाही त्यांच्यासाठीच आहे, हे मला फार उशिरा उमगले. या रोगाची सुरुवात बहुधा आतड्याच्या अस्तरावर मांसाचा लहानसा कोंब येऊन होते. त्याला पॉलिप म्हणतात. तो दुखत नाही, खुपत नाही. सगळेच कोंब बिघडतात असे नाही, पण जो बिघडतो त्याला त्यासाठी बहुधा काही वर्षे लागतात. मधल्या काळात त्यातून डोळ्यांना न दिसणारे रक्त झिरपू शकते. तेच रक्त ही तपासणी शोधते. अगदी पहिल्या अवस्थेत कर्करोग सापडला तर दहांपैकी नऊ माणसे पाच वर्षांनंतरही हयात असतात; दूर पसरल्यावर सापडला तर दहांतले जेमतेम एक.

आता दुसरे कारण, आणि ते बोलायलाच हवे. आमचे एक वयस्कर काका म्हणाले, "अरे, गावी मेलेली ढोरे ओढणारी आपली माणसे. बाबासाहेबांनी त्या घाणीतून बाहेर काढले. आता म्हातारपणी पुन्हा घाणीत हात घालायला लावता?" मला उत्तर सुचेना. ही केवळ लाज नाही, यात पिढ्यांचा अपमान आहे. पण काका, ती घाण दुसऱ्याची होती आणि आपल्यावर लादलेली होती. हे आपले स्वतःचे शरीर आहे. विनयपिटकात पोटाच्या विकाराने स्वतःच्याच मळात पडलेल्या भिक्खूची कथा आहे. कोणी जवळ जात नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले. तेथे किळस आड आली नाही.

काम तसे दोन मिनिटांचे आहे. पूर्वी तीन वेळच्या शौचाचे सहा नमुने पुठ्ठ्यावर लावावे लागत. 2019 पासून एकच पुरतो. स्वच्छ डब्यात किंवा कागदावर शौच धरावे, पाण्यात पडू देऊ नये. बाटलीच्या झाकणाला काडी असते. तिच्या खाचा भरतील एवढेच घ्यावे, काडी परत बाटलीत घालावी, तारीख लिहावी आणि तिकीट न लावता त्याच पाकिटातून टाकावे. मटण खाल्ले म्हणून निकाल चुकत नाही. ही तपासणी माणसाचेच रक्त ओळखते.

शंभरांतल्या सुमारे अठ्ठ्याण्णव जणांना पुढे काही करावे लागत नाही. मी उरलेल्या दोघांत निघालो. कॉलोनोस्कोपीला बोलावले. आदल्या दिवशीचे जुलाबाचे औषध हाच काय तो खरा त्रास. रात्रभर संडास आणि मी! दुर्बिणीतून दोन पॉलिप दिसले, ते तिथल्या तिथे काढले. कर्करोग नव्हता. हे सारे घडले ते मुलीने दुसरे पाकीट माझ्या चहाच्या कपाखाली ठेवले म्हणून.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. पत्र इंग्रजीत येते आणि तुमच्या आईला ते कोणी वाचून दाखवीत नाही. तुम्ही वाचा. बाटलीवर तारीख घालून द्या. आजी पंचाहत्तरीच्या पुढची असेल तर तिला पत्र येणार नाही. पण 0800 707 6060 या मोफत क्रमांकावर फोन करून पाकीट मागविता येते. आणि कोणाला रक्त जात असेल, शौचाची सवय बदलली असेल किंवा कारण नसता वजन उतरत असेल, तर पाकिटाची वाट पाहू नका, मागच्या वेळी निकाल चांगला आला होता म्हणूनही थांबू नका. सरळ जी.पी.कडे जा.

भोजनानंतर मागच्या टेबलावर माझी मुलगी एक किट उघडून दाखविणार आहे. बाटली कोरी आहे, निःशंक हातात घ्या. वहिनीही तेथे बसणार आहेत. ती तीन पाकिटे त्यांनी सोबत आणली आहेत.