लेप्टोस्पायरोसिस : पावसाळ्यातील तापाकडे दुर्लक्ष नको
(आरोग्य मार्गदर्शन कार्यक्रमातील भाषणाचा सारांश)



पावसाळ्यात ताप आला की आपण मलेरिया, डेंग्यू ही नावे घेतो. लेप्टोस्पायरोसिसचे नाव मात्र बहुधा रुग्ण गंभीर झाल्यावरच घरात पोहोचते. म्हणून आज त्याविषयी चार शब्द बोलतो.

हा आजार नवा नाही. जर्मनीतील डॉ. वाईल यांनी १८८६ साली त्याच्या गंभीर स्वरूपाचे वर्णन केले. पुढे जपानमध्ये कोळसा खाणीतील कामगारांमध्ये त्याचा जंतू सापडला. म्हणजे सुरुवातीपासून हा पाण्याचिखलात राबणाऱ्या माणसाचा आजार आहे. जगात दरवर्षी सुमारे १० लाख लोकांना तो होतो आणि जवळपास ५९ हजार दगावतात, असा अंदाज २०१५ साली मांडला गेला. त्यांतील बहुतेक उष्ण प्रदेशांतील गरीब वस्त्यांतले आणि शेतांवरचे आहेत.

उंदीर, घुशी, कुत्रे, गुरे यांच्या लघवीतून हा जंतू पाण्यात उतरतो. पायाच्या भेगेतून, खरचटलेल्या कातडीतून किंवा डोळ्यातोंडातून तो आपल्या शरीरात शिरतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि लाखो मुंबईकर गटाराच्या पाण्यातून चालत घरी गेले. त्यानंतरच्या आठवड्यांत या तापाची मोठी साथ आली. कोकणात भातलावणीसाठी अनवाणी चिखलात उतरणाऱ्यांनाही हाच धोका आहे.

बहुतेक रुग्णांचा आजार सौम्य असतो. पण काहींना चार-पाच दिवसांनी गुंतागुंत सुरू होते. तीव्र ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणे, लालबुंद डोळे आणि नंतर कावीळ. इथेच आपली फसगत होते. डोळे पिवळे दिसले की घरचे लोक रुग्णाला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेतात, माळ घालतात, पाला पाजतात. परंतु या आजारात यकृत बहुधा सावरते. जीव जातो तो मूत्रपिंड निकामी झाल्याने किंवा फुफ्फुसात रक्तस्राव झाल्याने. माळ वाढण्याची वाट पाहण्यात हेच मोलाचे दिवस हातचे जातात. अंगदुखीवर मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

डायलिसिस म्हटले की कुटुंब हबकते. आता हे जन्माचे दुखणे, असे समजून काही जण रुग्णाला घरी नेतात. तसे करू नका. या आजारात मूत्रपिंड बहुतेक वेळा पूर्ववत होते. डायलिसिस लागते ते काही दिवस, तेवढा काळ निभावून नेण्यासाठी. मात्र लघवी कमी होणे, दम लागणे, थुंकीतून रक्त पडणे यांपैकी काहीही दिसले तर डायलिसिस आणि कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयातच जावे.

पहिल्या आठवड्यात रक्ततपासणी निर्दोष येऊ शकते. म्हणून डॉक्टरांना आवर्जून सांगा, "मी साचलेल्या पाण्यातून गेलो होतो." या एका वाक्यावरून अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू होऊ शकतात. पेनिसिलिन, डॉक्सिसायक्लिन ही औषधे जुनी आणि स्वस्त आहेत, पण ती वेळेवर मिळाली पाहिजेत. पुराच्या पाण्यातून चालून आल्यास ७२ तासांच्या आत प्रतिबंधक गोळीबाबत सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात विचारावे. गरोदर स्त्रिया व लहान मुलांना ही गोळी चालत नाही. त्यांच्यासाठी दुसरे औषध असते.

शेवटी, आपल्यापैकी अनेक बांधव सफाई खात्यात, गटारांत, कचऱ्यावर काम करतात. संरक्षक साधनांशिवाय गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गमबूट आणि हातमोजे ही ठेकेदाराची मेहेरबानी नव्हे, तो कामगाराचा हक्क आहे. तो एकट्याने मागितला तर कामावरून कमी केले जाईल अशी भीती असते. म्हणून तो संघटितपणे मागावा. मंडळाने पावसाळ्यापूर्वी वस्तीत कोणाकडे गमबूट नाहीत याची यादी करावी, कचरा रोज उचलला जातो का ते पाहावे, आणि तापाचा रुग्ण दोन दिवसांहून अधिक घरी राहणार नाही याची जबाबदारी तरुणांनी घ्यावी.