बुफरच्या नळीतली फुसफुस

खेड्यापाड्यांत ज्याला सर्रास 'बुफर' म्हणतात, त्या खर्जाच्या पेटीविषयी आज थोडे बोलायचे आहे. तिचे खरे नाव सबवूफर. बाजारातून तयार आणण्यापेक्षा बुफर, प्लायवूड आणि जुना अॅम्प्लिफायर जमवून अशी पेटी घरी किंवा शाळेत तयार करण्याची हौस अलीकडे पुष्कळांना आहे, आणि ती चांगली हौस आहे. एका पेटीत सुतारकाम येते, विजेची जोडणी येते, आणि आठवी-नववीच्या पुस्तकातला ध्वनीचा धडा तर आयताच येतो.

पण पेटी तयार होते, स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी गाणे लावले जाते, डग्ग्याचा ठोका घुमतो, आणि त्या ठोक्यामागून 'फस्स, फस्स' असा आवाज येऊ लागतो. जणू पेटीत बसून कोणी चुलीवर फुंकणी घालीत आहे! जमलेली मंडळी लगेच निदान करतात, "बुफर फाटला." दुरुस्तीवालाही कित्येकदा तेच सांगतो. मग शाळेच्या तुटपुंज्या निधीतून नवा बुफर येतो, तो त्याच पेटीत बसतो, आणि पहिल्याच ठोक्याला पुन्हा फस्स! पैसे तर गेलेच. शिवाय ज्या पोरांनी चार रविवार खपून पेटी केली, त्यांच्या मनात आपल्याला हे जमत नाही अशी समजूत बसते, ती वेगळीच. वस्तुतः बुफर धडधाकट असतो. दोष असतो पेटीला पाडलेल्या भोकाचा आणि त्यात बसवलेल्या नळीचा.

मुळात ही नळी हवीच कशाला? रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर घातली की 'भूं' असा एकच स्वर निघतो, हे आपण सर्वांनी लहानपणी केलेले आहे. नळाखाली घागर भरायला लावली म्हणजे पाणी चढते तसतसा तिचा आवाजही चढत जातो; न पाहता नुसत्या कानाने घरातल्या बायका घागर भरत आल्याचे ओळखतात. बाटलीच्या मानेतली हवा हे जणू एक वजन, आणि पोटातली हवा ही स्प्रिंग. वजन स्प्रिंगवर खालीवर नाचते आणि एका ठरावीक स्वरात बोलते. पोट लहान झाले की स्वर चढतो. मान लांब केली की उतरतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात अशा पोकळ गोळ्यांचा उपयोग करून स्वरांचे पृथक्करण केले होते. पुढे अमेरिकेतल्या बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील अल्बर्ट थुरास याने हेच तत्त्व लाऊडस्पीकरच्या पेटीला लावले आणि १९३२ साली त्याला पेटंट मिळाले. बुफरचा पडदा पुढे-मागे हलतो, तेव्हा त्याच्या पाठीमागचा आवाज पेटीत वाया जातो. नळी बसवली की तो उपयोगी पडतो. नळीच्या स्वराजवळ पडदा जवळजवळ स्तब्ध राहतो आणि खर्ज नळीतूनच बाहेर पडतो. म्हणजे त्या वेळी नळी हाच खरा स्पीकर, असे म्हणायला हरकत नाही.

आणि इथेच गोम आहे. आपण एक पेटी घेऊ. आतून ४२ × ३५ × ३४ सेंटिमीटर, म्हणजे ५० लिटरची. बुफर ८ इंची. आणि नळीचा स्वर ठेवायचा ३५ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३५ आंदोलने. गणित केले तर ५ सेंटिमीटर व्यासाची नळी अवघी ६ सेंटिमीटर लांब पुरते. व्यास १० सेंटिमीटर घेतला, तर लांबी सुमारे ३१ सेंटिमीटर लागते. स्वर दोन्हींचा एकच. साहजिकच हौशी माणूस आखूड नळी पसंत करतो. घरात पडलेला पाइपचा तुकडा कापला, भोकात बसवला, काम झाले!

पण तेवढाच खर्ज तेवढ्याच मोठ्याने काढायचा, तर दोन्ही नळ्यांतून सारखीच हवा ये-जा करायला हवी. बारीक नळीचे तोंड मोठीच्या चौथाईइतकेच. तेव्हा हवेला चौपट वेगाने धावावे लागते. मोठ्या नळीत तो वेग सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर असेल, तर बारीक नळीत गणिताने तो ताशी १४४ किलोमीटर होतो. बहुतेक वादळांत वारा याहून हळू वाहतो! नळीतल्या हवेचा वेग ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ५ टक्के, म्हणजे सेकंदाला १७ मीटर, याच्या आत राहावा असा या कामातल्या जाणत्यांचा ठोकताळा आहे. कडा धारदार असतील तर त्याच्याही आत.

शेतकरी श्रोत्यांना हे पाटाच्या पाण्यावरून लगेच कळेल. रुंद पाटात पाणी निमूट चालते. तेच पाणी अरुंद मोरीतून काढले, की मोरीच्या काठाशी भोवरे उठतात आणि खळखळ सुरू होते. हवेचेही तसेच. नळीच्या धारदार कडेपाशी ती वळू शकत नाही, सुटते, तिचे भोवरे होतात, आणि त्या भोवऱ्यांचा आवाज म्हणजे आपली फुसफुस. त्यात हवा एकाच दिशेने जात नाही. सेकंदाला ३५ वेळा बाहेर आणि ३५ वेळा आत. म्हणून भोवरे नळीच्या बाहेरच्या तोंडाशी होतात, तसेच पेटीतल्या तोंडाशीही होतात. पुष्कळ जण बाहेरची कड घासून गुळगुळीत करतात आणि आतली तशीच ठेवतात. तेवढ्याने काम अर्धेच होते.

तरी पण करवत हातात घेण्यापूर्वी निदान पक्के करावे. मोबाइलवर एकच स्वर वाजवणारे फुकट अॅप मिळते. तो मोबाइल अॅम्प्लिफायरला जोडून ३५ ते ४० हर्ट्झचा स्वर फुसफुस ऐकू येईल इतपत वाजवावा, आणि नळीत टॉवेलची गुंडाळी घट्ट बसवून दोन-चार सेकंद पुन्हा ऐकावे. फुसफुस थांबली, तर दोष नळीचा. खरखर तशीच राहिली, तर बुफरकडे पाहावे: वीज बंद करून पडद्यावर दोन्ही हातांनी सारखा दाब द्यावा, आत काही घासल्यासारखे लागले तर मात्र बुफर खरोखरच बिघडला आहे. बारीक शिट्टी येत असेल, तर सांध्यांपाशी आणि वायरच्या भोकापाशी उदबत्ती फिरवावी. धूर जिथे थरथरेल तिथे फट आहे. ती लांबी भरून बुजवावी. जाळीचा सैल खिळासुद्धा कधी कधी मोठमोठ्या माणसांना फसवतो.

नळी गुन्हेगार ठरली, की उपाय एकच मुख्य: तोंड मोठे करा, आणि त्या प्रमाणात लांबी वाढवा. नुसते भोक मोठे करून भागत नाही. स्वर वर चढतो आणि खर्ज जाऊन नुसता डबडब आवाज उरतो. सांडपाण्याचा ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आतून सुमारे १० सेंटिमीटरचा असतो, तो आपल्याला नेमका चालतो. जुन्या भोकावर प्लायची चकती सरसाने बसवून ते बंद करावे, आणि समोरच्या फळीच्या कोपऱ्यात नवे पाडावे. पाइपचे आतले टोक पाठीमागच्या फळीपासून निदान व्यासाइतके, म्हणजे १० सेंटिमीटर, दूर राहिले पाहिजे. आपल्या पेटीची खोली ४२ आहे, म्हणून ते बसते. तुमची पेटी उथळ असेल, तर एल्बो लावून पाइप वळवावा आणि लांबी मधल्या रेषेवरून मोजावी. किंवा आतून ७ सेंटिमीटरच्या दोन नळ्या घ्याव्यात; दोघींचे मिळून तोंड जवळपास तेवढेच होते, लांबी मात्र प्रत्येकीची सुमारे दीड सेंटिमीटर जास्त.

आता कडा. पाइप विस्तवावर धरून त्याचे तोंड फाकवणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून तसे करू नये. पीव्हीसीचा धूर विषारी असतो. त्यापेक्षा १८ मिलिमीटर प्लायची एक कडी कापून पाइपच्या आतल्या टोकाला चिकटवावी, आणि ती कडी व समोरची फळी दोन्हींच्या कडा कानशीने व पॉलिश कागदाने गोल कराव्यात. बोट फिरवले तर कुठेही धार लागता कामा नये. सनईचे तोंड जसे हळूहळू पसरत जाते, तशी वळणे हवीत. कडा गोल झाल्या की नळी थोडी आखूड झाल्यासारखी वागते. म्हणून पाइप सुरुवातीला ३३ सेंटिमीटर ठेवावा. कापता केव्हाही येते, वाढवता येत नाही. नवा पाइप स्वतःच पेटीतली सुमारे ३ लिटर जागा खातो आणि स्वर हर्ट्झभर चढवतो, तेही या जादा लांबीत भरून निघते.

स्वर बरोबर लागला की नाही हे पाहायला यंत्र लागत नाही. आवाज बेताचा ठेवून मोबाइलवरचा स्वर ५० पासून हळूहळू उतरवत न्यावा आणि पडद्यावर हलके बोट ठेवावे. ज्या आकड्याला पडदा सर्वांत कमी हलतो, तो नळीचा स्वर. त्याच्याही खाली गेले की पडदा एकदम सैरभैर हलू लागतो, कारण पेटीतल्या हवेचा त्याला आधार उरत नाही. अॅम्प्लिफायरवर अतिखर्ज कापणारे बटण असेल, तर ते नळीच्या स्वराच्या जरा खाली लावावे. बुफर वाचतो आणि राहिलेली फुसफुसही कमी होते.

नळीत स्पंज कोंबण्याचा उपाय पुष्कळ जण सुचवतात. फुसफुस त्याने जाते, हे खरे. पण नळीचे कामही जाते. पेटी बंद पेटीसारखी होते. उद्या कार्यक्रम असेल तर रात्रीपुरते करावे, एवढेच. आणि नुसती भाषणेच ऐकवायची असतील, तर ही पेटी बंदच ठेवावी. माणसाच्या बोलण्याला इतक्या खोल खर्जाची गरज नसते. उलट शब्द गढूळ होतात.

खेड्यातली एक अडचण शहरातल्या पुस्तकांत सापडत नाही. १० सेंटिमीटरची नळी म्हणजे उंदराला तयार बीळ. पोटातला कापूस त्याला फारच आवडतो, आणि पडद्याचा कागदही. म्हणून काही जण नळीच्या तोंडावर बारीक जाळी ठोकतात. त्या जाळीच्या तारांवर हवा पुन्हा फाटते आणि फुसफुस परत येते. त्याऐवजी पाइपच्या दुकानात मिळणारे ११० चे झाकण काम नसेल तेव्हा लावून ठेवावे, आणि वाजवण्यापूर्वी काढावे.