दुसरी सही

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत क्लब हाउसमध्ये केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपण इथे राहायला आलो तेव्हा मी सहावीत होते. खालच्या पार्किंगमध्ये क्रिकेट खेळून मी फोडलेल्या काचांचा हिशोब खजिनदारकाकांकडे अजून असेल! आज त्याच पार्किंगवरच्या हॉलमध्ये तुम्ही मला बोलायला उभं केलंत, याचा आनंद आहे आणि थोडी धाकधूकही आहे.

लिफ्टमध्ये मला नेहमी विचारतात, "तू नक्की करतेस काय गं? डॉक्टर ना?" तर नाही. मी भ्रूणतज्ज्ञ आहे, म्हणजे एम्ब्रियॉलॉजिस्ट. आपण ज्याला टेस्ट ट्यूब बेबी म्हणतो, त्यात ट्यूब नसतेच, एक उथळ डिश असते. डॉक्टर स्त्रीच्या अंडाशयातून बीजं काढतात. त्यांचं आणि शुक्राणूंचं मीलन प्रयोगशाळेत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फलन झालं का ते आम्ही पाहतो. तिसऱ्या दिवशी गर्भ साधारण आठ पेशींचा होतो. तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी डॉक्टर तो गर्भाशयात सोडतात. मधले दिवस तो आमच्या हवाली असतो.

हे शिकायचं कुठे? जीवशास्त्रात पदवी घेऊन मणिपालसारख्या ठिकाणी यात एम.एस्सी. करता येते. पण खरं शिक्षण जाणत्या माणसाच्या शेजारी बसून होतं. पहिले कित्येक महिने मला बीजाला हात लावू दिला नाही. इनक्युबेटरचं तापमान ३७ अंश आहे का, गॅसचं प्रमाण बरोबर आहे का, हे वहीत लिहायचं. डिशवर नावं घालायची. अत्तर नाही, नेलपॉलिश नाही. दिवाळीच्या पहाटे ड्यूटी असली की माझं अभ्यंगस्नान सुगंधी उटण्याशिवाय! आईला ते फार लागायचं.

मग हाताची तयारी. बीज मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाएवढं. इक्सी या पद्धतीत केसाहून बारीक सुईने एकच शुक्राणू त्यात सोडतात. हा सराव फक्त टाकून द्यायच्या बीजांवर, तोही रुग्णाची संमती असेल तरच. हात थरथरला की सर म्हणायचे, "ऊठ, पाणी पिऊन ये."

वेळेचंही तसंच. ठरावीक इंजेक्शन दिल्यावर साधारण ३५-३६ तासांनी बीजं काढावीच लागतात. एका वर्षी ती वेळ नेमकी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आली. मिरवणूक संपलेली नव्हती, लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता बंद. बाबांनी पहाटे चारला स्कूटर काढली आणि गल्लीबोळांतून मला पोचवलं. बाप्पाला थांबवता येत नाही आणि बीजालाही.

आता एक गोष्ट सांगते, जी आजवर घरीसुद्धा नीट सांगितली नव्हती. शिकत असताना एके दिवशी दोन बायका उपचाराला होत्या. आडनाव एकच, नावात एका अक्षराचा फरक. मी एकीच्या डिशवर दुसरीचं नाव लिहिलं. आमच्याकडे प्रत्येक पायरीला दोन माणसं लागतात. एक काम करतो, दुसरा नाव आणि नंबर मोठ्याने वाचून शेजारी सही करतो. त्या दिवशी शेजारच्या मुलीने नाव वाचलं आणि थांबली. डिश अजून रिकामी होती, काहीही बिघडलं नाही. पण मी जिन्यात बसून रडले. कोणाच्या तरी घरात कोणाचं तरी मूल गेलं असतं, या विचाराने पाय लटपटत होते. सर आले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "चूक तुझ्याकडून होणार, हे धरूनच ती दुसरी सही ठेवली आहे. ज्या दिवशी तिचा कंटाळा येईल, त्या दिवशी हे काम सोड." आपल्या सोसायटीच्या चेकवरही दोन सह्या लागतातच की! त्यात कोणावर अविश्वास नसतो.

आणि लिहून ठेवण्याचं मोल किती, ते कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींकडून कळतं. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ ला जन्मली. त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबरला, मुखर्जींच्या प्रयत्नांतून कोलकात्यात मुलगी झाली. त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. चौकशी झाली, नेत्ररोग संस्थेत बदली झाली. १९८१ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. पुढे ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून मुलगी जन्मली आणि तीच भारतातली पहिली मानली गेली. पण आनंद कुमारांनी मुखर्जींची हस्तलिखित टिपणं वाचली आणि १९९७ मध्ये जाहीर सांगितलं, पहिला मान मुखर्जींचा. स्वतःचा मान सोडून दुसऱ्याच्या वहीवर अशी सही करायला मोठं मन लागतं.

आपलं पुणंही मागे नाही. देशातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण मे २०१७ मध्ये इथेच, डॉ. शैलेश पुणतांबेकरांच्या हातून झालं. आईने लेकीला गर्भाशय दिलं आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये नात जन्मली. तिथेही गर्भ प्रयोगशाळेतच तयार झाला होता.

मग कोणाला उपचार घ्यायचे असतील तर काय पाहावं? २०२१ च्या कायद्याने केंद्राची नोंदणी सक्तीची आहे, ती पाहा. फोटो आणि जाहिराती बघण्यापेक्षा विचारा, प्रयोगशाळेत कोण काम करतं, शिक्षण कुठे झालं, नावाची पडताळणी दोघं करतात का. तपासणी नवरा-बायको दोघांची करा, एकट्या सुनेची नको. आणि 'शंभर टक्के' म्हणणाऱ्याकडून उठून या. आम्ही जिवापाड जपलेले गर्भही कित्येकदा रुजत नाहीत. तो फोन करताना मला आजही शब्द सापडत नाहीत.

शेवटी एक विनंती, रागावू नका. लिफ्टमध्ये, हळदीकुंकवाला, गणपतीच्या आरतीला आपण सहज विचारतो, "काय मग, गोड बातमी कधी?" आपल्या मनात वाईट काही नसतं. पण ती मुलगी कदाचित त्याच दुपारी तो फोन घेऊन आलेली असते. तिला विचारू नका. चहाला बोलवा. पुढच्या पंचवीस वर्षांसाठी सोसायटीने एवढा एक ठराव मंजूर करावा. सूचक मी आहे, अनुमोदनाची दुसरी सही तुमची हवी.